फळ्यावरचे शेजारी

बोरीवली पूर्वेच्या मंगलदीप सोसायटीत पाणी कधी जाणार, कुणाकडे सत्यनारायण आहे आणि कोण गेलं, या तिन्ही बातम्या एकाच फळ्यावर लागत. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, मीटरच्या खोलीच्या भिंतीवर तो फळा होता. त्याचा खालचा अर्धा भाग सोसायटीचा आणि वरचा अर्धा घाडीकाकांचा. तिथे ते रोज सकाळी खडूने ठळक अक्षरांत लिहीत: ‘आजचा फरक’.

फरक इंग्रजी शब्दांतला. पूर्वी त्या जागी सुविचार असायचा. त्या सुविचारांनी मंगलदीपमधल्या एकाही माणसाचं वागणं सुधारलं नाही, उलट लिफ्टमध्ये थुंकण्याचं प्रमाण वाढलं, असं घाडीकाकांचं निरीक्षण होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सुविचार पुसला आणि फळा ताब्यात घेतला. कुणी हरकत घेतली नाही, कारण सुविचार कुणी वाचतच नव्हतं.

पूर्ण नाव जयवंत घाडीगावकर, पण एवढं आडनाव फळ्यावर मावत नाही म्हणून सही ‘ज. घा.’ मूळ गाव कणकवलीकडचं, वडील लालबागच्या गिरणीत, शिक्षण मराठी शाळेत आणि आयुष्य एका विमा कंपनीत टंकलेखक म्हणून. मराठी शाळेतून आलेल्या माणसाला इंग्रजी येतं, पण आपल्याला ते येतं यावर त्याचा भरवसा बसत नाही. एकदा साहेबांनी त्यांनी टाइप केलेला ‘हिस्टॉरिकल’ हा शब्द लाल शाईने खोडून ‘हिस्टॉरिक’ केला होता, आणि चूकही सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली होती. त्या दिवसापासून घाडीकाकांना सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांची धास्ती बसली. रिकामपण आल्यावर त्याच धास्तीचा छंद झाला.

उदाहरणं ते मराठीत लिहीत, आणि इमारतीतली. ‘वेट’ आणि ‘एक्स्पेक्ट’ समजावताना त्यांनी लिहिलं होतं, ‘लिफ्टसाठी आपण वेट करतो. ती येईल असं एक्स्पेक्ट करत नाही.’ ‘लेंड’ आणि ‘बॉरो’च्या दिवशी लिहिलं, ‘आम्ही शिडी लेंड केली. दुसऱ्या मजल्यावर ती बॉरो झाली आहे. गणपतीपासून.’ शिडी दुपारच्या आत घरी आली. इंग्रजीचा असा रोकडा फायदा विमा कंपनीतही त्यांना कधी झाला नव्हता.

घरात मात्र या विद्येची कदर नव्हती. एकदा मालनकाकू कपाळाला बाम लावून पडल्या आणि म्हणाल्या, “माका बरा वाटणा नाय.” काकांनी काळजीने विचारलं, “म्हणजे ‘सिक’ की ‘इल’? मळमळत असेल तर ‘सिक’.”

“मळमळणा नाय,” काकू डोळे न उघडता म्हणाल्या. “तुमचा डोक्या फोडूचा वाटता. ह्याका काय म्हणतत इंग्लिशात?”

त्या दिवशी भात काकांनीच लावला.

त्यांची खरी कदर होती ती समोरच्या दारात. अंबादास साळवे जालन्याकडचे, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉलच्या जमान्यापासून. लंडन, दुबई, नैरोबी, सगळ्यांना त्यांनी आपल्या आवाजाने जोडून दिलेलं. घाडीकाकांचं इंग्रजी डोळ्यांचं, तर साळवेकाकांचं कानाचं. एकाला स्पेलिंग पाठ, दुसऱ्याला चाल पाठ. दोघं एकाच वर्षी मंगलदीपमध्ये राहायला आले, समोरासमोरची दारं मिळाली, आणि तेव्हापासून अरे-तुरे. पावसाळ्यात यांच्याकडे गळायला लागलं की त्यांच्याकडे झोपायचं, त्यांच्या लेकीच्या, संघमित्राच्या दहावीला अभ्यासाला यांची खोली द्यायची, असं सगळं चाललेलं.

रोज सकाळी मीटरच्या खोलीपाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडत. घाडीकाका लिहीत. साळवेकाका फाटकापर्यंत मागे जात, तिथून मजकूर आपल्या एक्स्चेंजच्या घोटीव आवाजात मोठ्याने वाचत, आणि पटलं तर म्हणत, “लाइन क्लिअर.” मग घाडीकाका खडू खिशात टाकत आणि चहा येई. “लाइन क्लिअर” झाल्याशिवाय फरक जाहीर झाला असं धरलं जात नसे. कधी साळवेकाका मान हलवत, “घाडी, इंग्रज मेला तरी असं बोलणार नाही,” आणि मग पुन्हा खोडाखोड.

ज्या दिवशी सगळं बिघडलं, त्या दिवशी साळवेकाका लेकीकडे मुलुंडला गेले होते. म्हणजे तो फरक तपासल्याशिवायच फळ्यावर गेला. घाडीकाकांना आदल्या दिवशीपासून तो सुचला होता आणि त्यांना अगदी दम निघत नव्हता. त्यांनी लिहिलं:

‘नेबर आणि फ्रेंड. नेबर: श्री. अंबादास साळवे आमचे नेबर आहेत. फ्रेंड: फ्रेंड आपण निवडतो. नेबर निवडता येत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. ज. घा.’

दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ते वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले. इतकी नेटकी व्याख्या त्यांना कधी जमली नव्हती. उदाहरणाला शेजारी हवा होता, आणि शेजारी म्हटल्यावर दुसरं कुठलं नाव डोक्यात येणार? फळ्यावर नाव लिहायचं म्हणून ‘श्री.’ लावलं. याच्यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

संध्याकाळी साळवेकाका परत आले. फळ्यासमोर उभे राहिले. नेहमीसारखे फाटकापर्यंत मागे गेले, पण वाचलं मात्र मनात. मग जिना चढून गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मीटरच्या खोलीपाशी एकच खुर्ची होती.

“त्याला काय झालंय?” घाडीकाकांनी काकूंना विचारलं.

“साळव्यांची शकु सांगत होती. ‘श्री. लावलं त्याने मला,’ म्हणून बसलेत सोफ्यावर. आणि म्हणे, मिळेल तो घ्यावा लागला.”

“अगं, पण व्याख्या बरोबर आहे!”

“मग व्याख्येबरोबर चहा प्या,” काकू म्हणाल्या.

इथे एक दार ठोठावलं असतं, “चुकलं रे” म्हटलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण घाडीकाका माणूस गमावतील, व्याख्या गमावणार नाहीत. आणि साळवेकाकाही काही कमी नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी फळ्याच्या खालच्या भागात, टाकी धुण्याच्या सूचनेखाली, गुलाबी खडूने एक मजकूर उगवला:

‘फर्म आणि स्टबर्न. चुकीच्या गोष्टीला नाही म्हणतो तो फर्म. चुकीच्या गोष्टीला चिकटून बसतो तो स्टबर्न. उदाहरण रोज सकाळी खुर्चीवर पाहावे. अं. सा.’

घाडीकाकांनी ते वाचलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी वरच्या भागात उत्तर आलं: ‘सेन्सिटिव्ह आणि टची. दुसऱ्याचं दुःख ज्याला लागतं तो सेन्सिटिव्ह. फक्त स्वतःचंच लागतं तो टची. आमच्या मजल्यावर दुसऱ्या प्रकारचे गृहस्थ राहतात.’

झालं, युद्ध पेटलं. पांढरा खडू वर, गुलाबी खडू खाली. साळवेकाकांनी लिहिलं, ‘हिअर आणि लिसन. काहींना सगळ्यांचं ऐकू येतं. ऐकून मात्र ते कुणाचंच घेत नाहीत.’ घाडीकाकांनी लिहिलं, ‘रीझन आणि एक्स्क्यूज. मुलुंडला लेक राहते हे रीझन. म्हणून शेजाऱ्याशी बोलत नाही हे एक्स्क्यूज.’ मग साळवेकाका घसरले ते थेट स्वयंपाकघरावर: ‘अरोमा आणि ओडर. आमच्याकडे येसर मसाल्याची आमटी होते तेव्हा जिन्यात पसरतो तो अरोमा. समोर सुका बांगडा भाजतात तेव्हा जिन्यातून जाता जात नाही तो ओडर.’

हा वार काकांना फार लागला. त्यांनी तो वर घरी येऊन काकूंना शब्दशः म्हणून दाखवला. काकूंनी शांतपणे दोन भाजलेले बांगडे ताटलीत घातले, वर कांदा चिरला आणि समोरच्या दाराची कडी वाजवली. नवऱ्यांचं भांडण फळ्यावर होतं. बायकांच्या वाट्या-ताटल्यांची ये-जा एक दिवसही थांबली नव्हती. ताटली रिकामी परत आली. “दोन्ही त्यांनीच खाल्ले माय,” शकुकाकू कुजबुजल्या, “आणि वर म्हणतात, अजून वास येतोय, आहे का एखादा.”

मंगलदीपची मात्र चंगळ झाली. सुविचाराकडे ढुंकूनही न बघणारी माणसं आता ऑफिसला जाताना फळ्यापाशी थांबू लागली. तिसऱ्या मजल्यावरची तेजल बँकेत नोकरी करायची. ती जाता जाता फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची, आणि खाली हसण्याच्या चिन्हांची रांग लागायची. वॉचमन भीमराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आज वरच्या काकांचा नंबर आहे, उद्या बघा, खालचे काय वाट लावतात ते.” दूधवाल्याने एकदा उशीर केला तर पहिल्या मजल्यावरच्या आजी त्याला म्हणाल्या, “हे तुझं रीझन नाही, एक्स्क्यूज आहे!” गोडीगुलाबीच्या काळात घाडीकाकांनी जे शिकवलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, भांडणातलं एकेक अक्षर पाठ झालं.

पण काका आतून सुकत चालले होते. फळ्यावर लिहून झालं की ते अजूनही सवयीने फाटकाकडे बघत, आणि तिथे कुणी नसे. लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे सांगणारा माणूस आता फक्त त्यात खोट काढण्यासाठी वाचत होता. शब्दाला शब्द मिळत होता, पण चहा एकट्याने प्यावा लागत होता, आणि एकट्याचा चहा त्यांना कडू लागायचा.

त्यातच रीडेव्हलपमेंट पक्की झाली. मंगलदीप पाडून उंच इमारत होणार, तीन वर्षं सगळ्यांनी भाड्याच्या घरात काढायची, मग नवीन फ्लॅट. गच्चीवर सभा भरली आणि नव्या इमारतीतले फ्लॅट चिठ्ठ्या टाकून वाटायचं ठरलं. चेअरमन हर्षदने स्टीलचा डबा पुढे केला. घाडीकाकांना पाचवा मजला आला, रस्त्याकडचा. थोड्या वेळाने साळवेकाकांनी चिठ्ठी काढली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या विंगमधला, सगळ्यात वरचा, नॅशनल पार्ककडे तोंड असलेला फ्लॅट. ज्याच्या खिडकीतून डोंगर दिसणार असा. अख्खी सोसायटी ज्याच्यावर डोळा ठेवून होती तोच.

घाडीकाकांनी टाळी वाजवली नाही. तसेच उठले आणि जिना उतरून घरी आले.

“काय मिळालं?” काकूंनी विचारलं.

“आपल्याला रस्ता. त्याला डोंगर.” काका खुर्चीत बसले. “विंगसुद्धा दुसरी. म्हणजे आता समोर नाहीच.”

त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा नीट कळलं की आपण काय हरवायला निघालो आहोत. साळवे मुलुंडला लेकीजवळ घर घेणार, हे गोराईकडे. मध्ये अख्खा डोंगर. तीन वर्षांनी परत यायचं तर वेगळ्या विंगेत, वेगळ्या लिफ्टने. आणि या वयात तीन वर्षांची खात्री कोण देणार? बोलणं झाल्याशिवाय हा माणूस टेम्पोत बसून गेला, तर पुन्हा बोलणं होणारच नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. आणि ते घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तह करायचं ठरवलं. अर्थात फळ्यावरच. ‘रिग्रेट आणि अपॉलजी,’ त्यांनी लिहिलं. ‘रिग्रेट म्हणजे मनात वाटतं ते. अपॉलजी म्हणजे चूक असेल तर तोंडाने मागतात ती.’ इथे थांबायला हवं होतं. हात थांबला नाही. ‘चूक नसेल तर नुसतं रिग्रेट पुरतं.’

दुपारी खाली गुलाबी खडूने एकच ओळ आली: ‘मग हे कोणतं?’

 त्यानंतर फळ्यावर पांढरा खडू उमटलाच नाही, आणि गुलाबीही. ज्याला भांडण म्हणत होतो तेही बंद पडलं, आणि ही शांतता भांडणापेक्षा वाईट होती. तेजलने ग्रुपवर विचारलं, ‘आजचा फरक नाही का?’ 

घरं रिकामी व्हायला लागली. कुणी दाराच्या कड्या काढून नेल्या, कुणी तुळशीचं वृंदावन, पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर खिडकीचे गजच मागितले. साळव्यांचा टेम्पो एका रविवारी सकाळी फाटकात येऊन लागला. कपाट उतरलं, पलंग उतरला, बुद्धाची मूर्ती शकुकाकू स्वतः कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या. त्याआधी दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळेपणाने रडल्या होत्या. घाडीकाका जिन्यात कठडा धरून उभे होते. खाली जावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. साळवेकाका दोरखंड बरोबर बांधलाय की नाही हे तपासत होते, जे टेम्पोवाल्याने केव्हाच तपासलं होतं.

तेजल सामानाच्या खोक्यांतून वाट काढत वर येत होती. काकांना बघून थांबली. “काका, मी तुम्हाला भेटायलाच येत होते. आम्ही पण पुढच्या आठवड्यात निघतोय. आईला तर इतका आनंद झालाय ना, आता खिडकीतून डोंगर दिसणार म्हणून.”

“कुठल्या खिडकीतून?”

“नव्या फ्लॅटच्या. साळवेकाकांनी बदलून दिला ना आम्हाला. सभेतच, चिठ्ठ्या झाल्यावर. तुम्ही उठून गेलात त्यानंतर. आमचा पाचव्या मजल्यावरचा रस्त्याकडचा त्यांनी घेतला.”

“पाचव्या मजल्यावरचा?” काकांचा हात कठड्यावरून सुटला. “म्हणजे आमच्यासमोरचा?”

“हो. पप्पा म्हणाले पण त्यांना, अहो, विचार करा, असा फ्लॅट कुणी सोडतं का. तर म्हणाले, डोंगर मी मुलुंडहून बघेन, मला समोरचं दार ओळखीचं पाहिजे.” तेजल गोंधळली. “शकुकाकूंना त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं, पण मला वाटलं, आत्तापर्यंत तुम्हाला कळलं असेल.”

ती सभा झाली तेव्हा ‘अरोमा आणि ओडर’ ताजं होतं. म्हणजे हा माणूस सकाळी खाली उतरून यांच्या बांगड्याची बेअब्रू करत होता, आणि संध्याकाळी अख्खा डोंगर सोडून याच बांगड्यासमोरचं दार मागून घेत होता.  काका जिना उतरू लागले. अर्ध्यावर आठवलं आणि खिसा चाचपला. खडू होता.

फळा रिकामा होता. अर्धी इमारत रिकामी झाल्यावर पाणी जाण्याची सूचना कोण लावणार? काकांनी अगदी मधोमध लिहायला सुरुवात केली. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

‘दुरुस्ती. नेबर निवडता येत नाही, असं या फळ्यावर लिहिलं होतं. ते चूक आहे. ज. घा.’

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची व्याख्या स्वतःच्या हाताने खोटी ठरवली होती, आणि गंमत म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं. मागे पावलं वाजली. मग ती पावलं मागे मागे गेली, फाटकापर्यंत. आणि घाडीकाकांनी कित्येक दिवसांत न ऐकलेला तो घोटीव आवाज मंगलदीपच्या रिकाम्या खिडक्यांवर आपटला. साळवेकाका वाचत होते. ‘ते चूक आहे’ वर आवाज जरा चिरकला.

“उदाहरण नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“व्याख्या बदललीस. उदाहरण कुठाय, घाडी? उदाहरणाशिवाय कसं कळणार लोकांना?”

लोक म्हणजे वॉचमन, टेम्पोवाला आणि जिन्यात उभ्या असलेल्या मालनकाकू नि तेजल. घाडीकाकांनी फळ्याकडे तोंड केलं आणि खाली लिहिलं: ‘उदाहरण: अंबादास.’

“श्री. नाही लावलंस.”

“जागा नाही,” काका म्हणाले. निम्म्याहून जास्त फळा मोकळा होता.

साळवेकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. “आणि तुझं ते आधीचं? रिग्रेट की अपॉलजी?”

“दोन्ही रे. आता बस कर ना.”

“लाइन क्लिअर,” साळवेकाका म्हणाले, आणि पुढे येऊन त्यांनी घाडीकाकांना असं घट्ट धरलं की पांढरा खडू दोघांच्या शर्टांमध्ये मोडला. टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवणार होता. शकुकाकूंनी त्याचा हात धरला.

गोराईकडच्या भाड्याच्या घराच्या आवारात फळा नव्हता. तिथल्या पहिल्याच सकाळी घाडीकाका नेहमीच्या वेळी आंघोळ करून तयार झाले आणि मग कुठे जायचं ते न सुचून गॅलरीत उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो, बोरीवली? मुलुंडहून बोलतोय. लाइनवर राहा. आजचा फरक सांगा.”

“थांब, खडू घेतो,” घाडीकाका म्हणाले.

“फोनवर खडू कशाला लागतो रे तुला?”

“त्याच्याशिवाय सुचत नाही,” काका म्हणाले, आणि खिशातला मोडका तुकडा हातात धरून त्यांनी सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून मालनकाकूंनी चहा दोनदा गरम केला.